आधी निकाल, मग मतदान

७ मे २०२४. लोकसभा निवडणुकीचा तिसरा टप्पा. हातकणंगले मतदारसंघातला मतदार यंत्रासमोर उभा राहिला तेव्हा त्याच्यापुढे धनुष्यबाण होता आणि मशालही होती. धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या पक्षाचा, असं निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला सांगितलं होतं. आयोगाचं बरोबर की चूक, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायचं होतं. सव्वा वर्ष उलटलं तरी ते सांगून झालेलं नव्हतं. मतदाराने बटण दाबलं, बोटाला शाई लावून घेतली आणि तो घरी गेला. धनुष्यबाणाचे धैर्यशील माने १३,४२६ मतांनी निवडून आले. मशालीचे सत्यजित पाटील-सरूडकर पडले.

मतदान कायदेशीर होतं आणि निकालही कायदेशीर आहे. माने यांच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही आणि सरूडकरांची वकिलीही करायची नाही. म्हणायचंय ते मतदाराच्या बाजूने. ज्या प्रश्नाचं उत्तर त्याला बटण दाबण्याआधी मिळायला हवं होतं, तो प्रश्न त्या दिवशी दिल्लीत फाइलीत पडून होता.

मतदानाला धोका म्हटलं की कुणाला बूथवर धुडगूस घालणारी टोळी आठवते, कुणाला मतदान यंत्र. त्यावर आपण रात्र रात्र वाद घालतो. पण गेल्या काही वर्षांत कोल्हापूरच्या मतदाराचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते प्रलंबित खटल्यांनी. खटला हरला तर माणूस दुसरी वाट शोधतो. खटला लोंबकळत राहिला तर वाटच बंद होते आणि निवडणूक मात्र ठरल्या दिवशी होऊन जाते.

* * *

हिशेब मांडू. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. जुलैत कोल्हापूरचे संजय मंडलिक आणि हातकणंगल्याचे माने, असे जिल्ह्याचे दोन्ही खासदार शिंदे यांच्याकडे गेले. दोघेही २०१९ ला धनुष्यबाणावरच निवडून आले होते, तेव्हा पक्षप्रमुख उद्धव ठाकरे होते. आमदारांच्या अपात्रतेचे अर्ज विधानसभा अध्यक्षांकडे गेले. अशा अर्जांवर साधारण तीन महिन्यांत निर्णय द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात जानेवारी २०२० मध्येच सांगून ठेवलं होतं. आपल्याकडे घटनापीठाचा निकाल आला ११ मे २०२३ ला. त्यानंतरही अध्यक्ष हलेनात म्हणून न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली, ती एकदा वाढवावीही लागली, आणि राहुल नार्वेकर यांचा निर्णय आला १० जानेवारी २०२४ ला. तीन महिन्यांच्या कामाला दीड वर्ष लागलं.

त्या निर्णयालाही आव्हान दिलं गेलं. मग लोकसभा निवडणूक झाली. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या विधानसभेतल्या आमदारांबद्दल खटला होता, ती विधानसभाच संपली. अपात्र ठरवायला आमदार उरले नाहीत, पण खटला उरला. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण आपल्या आजोबांनी गोठ्यापुरती वापरली होती. आपण ती विधानसभेपर्यंत नेली.

राष्ट्रवादीचीही तीच गत. आयोगाने ६ फेब्रुवारी २०२४ ला पक्ष आणि घड्याळ अजित पवारांना दिलं. लोकसभेला जेमतेम अडीच महिने उरले असताना शरद पवारांच्या उमेदवारांना ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवं चिन्ह घेऊन गावोगाव फिरावं लागलं. शेजारच्या साताऱ्यात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पडले आणि पिपाणीचं चिन्ह घेतलेल्या एका अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. दिंडोरीत पिपाणीला एक लाखावर मतं गेली. मतदार अडाणी म्हणून हे झालं, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पंचवीस वर्षं घड्याळ बघितलेल्या सत्तरीतल्या माणसाला दोन महिन्यांत तुतारी आणि पिपाणी यांतला फरक कळायला हवा, ही अपेक्षा ज्यांनी केली, चूक त्यांची आहे. चिन्हाचा वाद निवडणुकीच्या वर्षभर आधी संपला असता, तर हा गोंधळ झालाच नसता.

* * *

आता पैशाचं बघा. निवडणूक रोखे २०१८ मध्ये आले. त्यांना आव्हान देणाऱ्या याचिका २०१७ पासूनच दाखल होत्या. कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला किती दिले, हे मतदाराला कळू नये अशी ती योजना होती. १२ एप्रिल २०१९ ला, मतदानाचा पहिला टप्पा पार पडल्यावर, न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: तपशील बंद पाकिटात आयोगाकडे द्या. म्हणजे मतदाराला कळणार नव्हतंच. २०१९ ची लोकसभा तशीच झाली. पाठोपाठ कितीतरी राज्यांच्या विधानसभा झाल्या. योजना घटनाबाह्य असल्याचा निकाल १५ फेब्रुवारी २०२४ ला आला. तोवर १६,५०० कोटींहून जास्त रकमेचे रोखे विकून झाले होते.

निकाल उत्तम होता, पाच न्यायमूर्तींचा, एकमताचा. पण २०१९ मध्ये मत दिलेल्या प्रत्येक माणसाला जी माहिती मिळणं हा त्याचा हक्क होता असं न्यायालय म्हणालं, ती माहिती त्याच्या हातात पाच वर्षांनी पडली. ते मत तो परत देऊ शकत नाही.

दुसरं उदाहरण याहून साधं आहे. मतदान संपतं तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एखाद्या वर्गात काय चालतं ते डोळ्यांपुढे आणा. सहा वाजता रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या वाटलेल्या असतात. शेवटच्या चिठ्ठीवाल्याचं मत झालं की केंद्राध्यक्ष नियंत्रण यंत्र बंद करतात. पडद्यावर एकूण मतांचा आकडा येतो. तो फॉर्म १७-सी मध्ये लिहायचा, नोंदवहीतल्या सह्यांशी ताडून बघायचा, आणि सही केलेली प्रत तिथे हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला द्यायची. दिवसभर बाकावर बसून अवघडलेला पोलिंग एजंट तो कागद घडी करून खिशात ठेवतो. त्या केंद्रावर किती मतं पडली, याचा त्याहून पक्का पुरावा दुसरा नाही.

हे आकडे ४८ तासांत संकेतस्थळावर टाका, एवढीच मागणी होती. याचिका २०१९ ची. २०२४ ची निवडणूक आली तरी ती प्रलंबितच. मग याचिकाकर्त्यांनी मध्येच अर्ज केला आणि २४ मे २०२४ ला, पाच टप्पे उरकलेले असताना, न्यायालय म्हणालं की निवडणूक चालू आहे, आता हात घालता येणार नाही. २५ मे ला आयोगाने पाच टप्प्यांचे मतदारसंघनिहाय आकडे स्वतःहून जाहीर केले. एका दिवसात झालं. केंद्रनिहाय आकड्यांचा मूळ प्रश्न तसाच राहिला. पाच वर्षं हातात असताना सुनावणी झाली नाही आणि सुनावणीची वेळ आली तेव्हा वेळच उरला नव्हता, हे उत्तर मतदाराने किती वेळा ऐकायचं?

* * *

यात न्यायालयाचीही एक अडचण आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. संविधानाच्या कलम ३२९ प्रमाणे संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या निवडणुकीला आव्हान द्यायचं तर निवडणूक याचिकेनेच देता येतं. १९५२ च्या पोन्नुस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ पक्का केला. अधिसूचना निघाल्यापासून निकाल लागेपर्यंत न्यायालयाने मध्ये पडायचं नाही. हे योग्यच आहे. नाहीतर प्रत्येक मतदारसंघात कुणीतरी स्थगिती आणली असती आणि देशात एकही निवडणूक वेळेवर झाली नसती.

पण याचा दुसरा अर्थ नीट समजून घ्या. अधिसूचना निघाली की कोर्टाचं दार बंद होतं. निकाल लागला की पंचेचाळीस दिवसांसाठी उघडतं. तेवढ्यात याचिका दाखल केली तर उच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो. अपिलाला सर्वोच्च न्यायालयात तीन महिने. ‘प्रयत्न करावा’ हे शब्द कायद्यात आहेत आणि सगळा घोटाळा त्याच दोन शब्दांच्या आडोशाने होतो.

विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर १९८७ मध्ये झाली. डॉ. रमेश प्रभू जिंकले. धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून प्रभाकर कुंटे कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल १९८९ मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठरवली, पण केव्हा? ११ डिसेंबर १९९५ ला. त्या विधानसभेची मुदत १९९० मध्येच संपली होती. त्याच दिवशी मनोहर जोशी यांचाही निकाल आला. दादरमधून १९९० ला झालेली त्यांची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. तोवर नवी निवडणूक होऊन जोशी मुख्यमंत्री झालेले होते. एक हरला, एक जिंकला, आणि दोघांच्याही मतदारांना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

खुद्द पंतप्रधानांच्या प्रकरणात काय झालं? इंदिरा गांधी रायबरेलीतून मार्च १९७१ मध्ये निवडून आल्या आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती निवड १२ जून १९७५ ला रद्द केली. सव्वाचार वर्षं. त्यानंतर देशाने काय भोगलं ते सांगायला नको.

न्यायालयांवर कामाचा डोंगर आहे, हे मला मान्य. पण महाराष्ट्राच्याच बाबतीत दुसरा अनुभवही आहे. २३ नोव्हेंबर २०१९ च्या भल्या पहाटे राजभवनावर देवेंद्र फडणवीसांचा शपथविधी झाला. दुसऱ्या दिवशी रविवार होता, तरी सर्वोच्च न्यायालय बसलं. २६ तारखेला आदेश आला: उद्या संध्याकाळी पाचच्या आत बहुमत सिद्ध करा. त्याच दिवशी फडणवीसांनी राजीनामा दिला. चार दिवसांत प्रश्न सुटला. सरकार कुणाचं, हे ठरवायला न्यायालय रविवारी बसू शकतं, तर मतदाराच्या प्रश्नासाठी पाच वर्षांत चार दिवस काढणं अशक्य नाही.

* * *

कोल्हापूरकराला हे सगळं दिल्ली-मुंबईचं वाटत असेल तर त्याने आपल्याच महापालिकेकडे बघावं. १ नोव्हेंबर २०१५ ला निवडणूक झाली. १५ नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली. आधी करोना, मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना, आणि या प्रत्येक वळणावर कोर्टाची तारीख. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, सप्टेंबरात ती मुदत ३१ जानेवारीपर्यंत वाढवली, आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला.

या पाच वर्षांत २०२१ चा महापूर येऊन गेला. थेट पाइपलाइनचं पाणी आलं, रस्ते खोदले गेले, घरफाळ्याची बिलं आली. नगरसेवक एकही नव्हता. गटार तुंबलं की माणूस प्रशासकाच्या दारात आणि प्रशासक बैठकीत. २०१५ ला सतरा वर्षांचा असलेला पोरगा आपल्या शहराच्या महापालिकेसाठी पहिल्यांदा मत देऊ शकला तो सत्ताविसाव्या वर्षी. नऊ वर्षं त्याचा हक्क त्याच्याकडे होता आणि वापरायला जागा नव्हती.

हा स्थानिक प्रश्न झाला, लोकसभेशी त्याचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. सवय लागते, हा संबंध. पाच वर्षं महापालिकेची निवडणूक झाली नाही आणि कोल्हापूर बंद झालं नाही. टोलविरुद्ध पेटून उठलेलं हे गाव मतदान लांबलं म्हणून रस्त्यावर आलं नाही. याच जिल्ह्यात नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला ७६ टक्क्यांवर मतदान झालं, राज्यात सगळ्यात जास्त. करवीरमध्ये तर ८४ टक्क्यांच्या पुढे. एवढ्या हौसेने मत देणारा जिल्हा मत हिरावलं गेल्यावर गप्प बसतो, याची मला काळजी वाटते.

* * *

आता मतदार यादी. पुढच्या लोकसभेआधीची खरी लढाई इथेच होणार.

यादीतून नाव काढायचं तर त्या माणसाला नोटीस हवी, त्याचं म्हणणं ऐकायला हवं, हा नियम आपल्याला मिळवून दिला तो बराचसा मुंबईच्या मतदारांनी. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या वस्त्यांमध्ये, परदेशी असल्याच्या संशयावरून, पोलिसांच्या अहवालांवर विसंबून नोटिसा निघाल्या होत्या. लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितलं: ज्याचं नाव आधीपासून यादीत आहे तो नागरिक आहे असंच धरून चाला आणि काढायचं तर रीतसर सुनावणी घ्या. तो निकाल वेळेत आला, म्हणून कामाला आला.

२०१४ ला मुंबई-पुण्यात हजारो लोक मतदान केंद्रावर गेले आणि नाव नाही म्हणून परत आले. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी माफी मागितली. माफी मागितली हे बरं केलं, पण माफीने मत परत मिळत नाही.

२०२५ मध्ये बिहारात यादीची सखोल फेरतपासणी झाली. प्रारूप यादीतून ६५ लाख नावं गेली. न्यायालयाने ऑगस्टमध्ये आदेश दिला की वगळलेल्यांची यादी कारणांसह जाहीर करा, आणि सप्टेंबरात आधार कार्ड हे ओळखीसाठी बारावं कागदपत्र म्हणून घ्यायला लावलं. या दोन अंतरिम आदेशांनी कित्येकांची नावं वाचवली असणार. पण अशी फेरतपासणी मुळात घटनेला धरून आहे का, या प्रश्नावर अंतिम निकाल येण्याआधी नोव्हेंबरात मतदान झालं आणि सरकारही आलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मोहीम आणखी बारा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत जाहीर झाली, त्यात शेजारचा गोवाही होता.

यादी स्वच्छ व्हायलाच हवी. मेलेल्यांची नावं जावीत, दुबार नावं जावीत. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला २०२४ च्या विधानसभेआधी सहा हजारांवर बनावट नोंदणी अर्ज सापडले, ऑक्टोबरमध्ये गुन्हा दाखल झाला, आणि ते अर्ज फेटाळल्याचं प्रशासनाने सांगितलं. वेळेत तपासलं तर पकडता येतं, एवढं यातून दिसतं.

पण आपल्या भागात तपासणी म्हणजे काय, हे जरा जवळून बघा. बीडच्या एखाद्या गावात बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) बाई हिवाळ्यात दार ठोठावते. घराला कुलूप. शेजारीण सांगते, कारखान्याला गेलेत. ते नवरा-बायको त्या वेळी शिरोळ नाहीतर कागल तालुक्यात फडात ऊस तोडत असतात, पोरं पालाशी. ते परततात उन्हाळा लागल्यावर. तोवर ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ असा शेरा पडला आणि नोटीस बंद दाराला चिकटवली गेली, तर ती वाचणार कोण? तिकडे नाव गेलं आणि इकडे फडावर कुणी नोंदवलं नाही. इचलकरंजीच्या मागावर काम करायला आलेल्या कामगाराचं तेच. लग्न होऊन आलेल्या सुनेचं तेच: माहेरी एक नाव, सासरी दुसरं आणि कागदावर तिसरं. हे लोक बोगस नाहीत. त्यांच्याकडे कागद सांभाळायला कपाट नाही आणि तारखेला हजर राहायला रजा नाही. त्यांचं नाव निवडणुकीच्या तोंडावर गेलं, तर कलम ३२९ चं दार त्यांच्यासाठीही बंदच असेल.

* * *

आणि धमकी? तीही आहे. ९ नोव्हेंबर २०२४ ला कोल्हापुरातल्या प्रचारसभेत भाजपचे खासदार धनंजय महाडिक यांनी लाडकी बहीण योजनेचे पैसे घेणाऱ्या महिला काँग्रेसच्या सभेत दिसल्या तर त्यांचे फोटो काढा, अशा अर्थाचं विधान केलं. गदारोळ झाला, गुन्हा दाखल झाला, त्यांनी माफीही मागितली. पण दीड हजार रुपयांवर घरचा किराणा भरणाऱ्या बाईने ते वाक्य ऐकलं ते ऐकलंच. पक्ष कोणताही असो, सरकारी पैसा आणि मत यांची सांगड घालणारा माणूस त्या बाईच्या गुप्त मतदानावर हात टाकतो. मतदाराला दबाव आणून वळवणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे.

असल्या धमक्यांना बळ कुठून मिळतं? मोजणीच्या पद्धतीतून. निकालानंतर फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय मतं जाहीर होतात. शाहूवाडी-गगनबावड्याच्या डोंगरात एका केंद्रावर दोन-तीन वाड्यांची मतं असतात. कुठल्या वाडीने कुणाला दिलं, हे दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याच्या टेबलावर असतं. मग रस्ता कुठला होणार आणि नळ कुठला येणार, ते त्या कागदावरून ठरतं. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर नावाचं यंत्र वापरा, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या अहवालात तीच शिफारस केली. केंद्र सरकारने नकार दिला. कुठल्या वाडीने दगा दिला हे जाणून घेण्यात सगळ्याच पक्षांना रस आहे, म्हणून एकही पक्ष यासाठी रस्त्यावर येत नाही.

* * *

मग करायचं काय? पुढची लोकसभा २०२९ ला आहे. आज कोर्टाची दारं उघडी आहेत. लढायची वेळ हीच आहे, प्रचाराचे भोंगे सुरू झाल्यावर नव्हे.

संसदेने कायद्यातलं ‘प्रयत्न करावा’ काढून ‘निकाली काढावी’ असं लिहावं. पक्षाचं चिन्ह, आमदार-खासदारांची अपात्रता आणि मतदार यादी, या तीन विषयांचे खटले सभागृहाची मुदत संपण्याआधी किमान सहा महिने अंतिमरीत्या निकाली निघालेच पाहिजेत. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात आणि प्रत्येक उच्च न्यायालयात रोज बसणारं वेगळं पीठ हवं. यादीतून वगळलेली नावं कारणांसह प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणं सक्तीचं हवं. आणि टोटलायझर हवंच.

कोल्हापूरच्या वकिलांना एक विनंती. चार दशकांहून जास्त काळ तुम्ही खंडपीठासाठी लढलात, कामकाज बंद ठेवलं, मोर्चे काढले. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सहा जिल्ह्यांसाठी इथे बसतंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. न्याय दारात आणा, असं तुम्ही म्हणत होता, तो आलाय. आता या सहा जिल्ह्यांतल्या प्रत्येक तालुक्यात तुमच्यातल्या दोघा-तिघांनी मतदार यादीची अपिलं फुकट चालवायची, एवढा ठराव बार असोसिएशनने करावा. इचलकरंजीच्या माग कामगाराला मुंबईची वारी परवडत नव्हती. कोल्हापूर परवडेल, पण सोबत वकील हवा.

आणि तुम्ही, वाचक. या आठवड्यात यादीत आपलं नाव बघा. नव्या सुनेचं बघा, पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाचं बघा, शेजारच्या म्हाताऱ्या आजींचं बघा. नाव नसेल तर फॉर्म ६ भरा, चुकलं असेल किंवा पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८ भरा. अर्ज नाकारला तर तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका, लेखी आदेश मागा. आदेशाच्या तारखेपासून पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. हे सगळं निवडणूक जाहीर होण्याआधीच करून घ्या. त्यानंतर तुमची बाजू शंभर टक्के खरी असली, तरी निकाल तुमच्या मतापर्यंत वेळेत पोचणार नाही.